गरम पाण्याचा पांढरा पाइप

सोलरच्या उकळत्या पाण्याला मी थंड पाण्याचा पाइप बसवून घेतला. का? तर तो पांढरा होता, आणि न्हाणीघराच्या टाइल्सही पांढऱ्या होत्या.

एवढं तर घरात साऱ्यांनाच कळायला हवं होतं. पण ते आणि त्यापुढचं आजवर घरात कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोला नाही, मुलीला नाही, ताईला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच जमत असेल. समोर बसला असतात तर मी ही गोष्ट रंगवली असती, तुम्हाला दोन-चार वेळा हसवलं असतं, आणि नेमकी जागा आली की उठून चहा ठेवला असता. लोक म्हणतात, सर गोष्ट सांगावी तर तुम्हीच. खरं आहे. त्याचाही हिशेब पुढे यायचाच आहे.

आधी मूर्खपणा सांगतो. तो सांगायला सोपा असतो. स्वतःचा मूर्खपणा सांगणारा माणूस सगळ्यांना आवडतो — आणि त्याच्या आड बरंच काही झाकता येतं.

मी अमरावतीच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवलं. उभा जन्म त्यातच गेला. निवृत्त झालो आणि बडनेरा रोडला घर बांधलं. आता, माझं लहानपण तेल्हाऱ्याकडचं, म्हणजे खारपाणपट्ट्यातलं. तिकडचं पाणी असं खारट की लोखंडी नळ चार-पाच वर्षांत आतून कुजायचा. बोट लावलं की तांबडी पपडी हातात. वडील दर काही वर्षांनी नळ बदलायचे आणि नळाला शिव्या घालायचे, पाण्याला कधी नाही. ते बघून मोठा झाल्यामुळे पाइप या विषयात आपल्याला काही शिकायचं उरलेलं नाही, असा माझा समज. लोखंड नको, प्लास्टिक घ्या — झालं, संपला विषय. प्लास्टिकात प्लास्टिक वेगळं असतं हे डोक्यात शिरायला जागा कुठे होती? तिथे मी आधीच बसलेलो.

नळाचं काम विलासला दिलं. विलास बडनेऱ्याचा, माझाच विद्यार्थी. पुस्तकात मध्यम, पण हात असा की शाळेच्या प्रदर्शनात त्यानं सायकलच्या चाकावर चालणारा पंप केला होता आणि पाहुण्यांच्या बुटांवर पाणी उडवून दाखवलं होतं. प्लंबर म्हणूनही तसाच. पाइप कापला की काठ पात्यानं साफ करायचा. सांधा चिकटवण्याआधी पाइपावर पेन्सिलीची रेघ मारायचा — पाइप पुरता आत गेला की नाही ते त्या रेघेवरून कळतं. मी म्हणायचो, "विलास, एवढ्या काळजीनं तू माझी वही लिहिली असतीस तर!" तो हसायचा. "सर, वहीतून पानी गळत नाही न."

आमच्याकडे रीत अशी — मजुरी प्लंबरची, माल मालकाचा. प्लंबर चिठ्ठी लिहून देतो, मालक दुकानातून सामान आणतो. विलासनं टाइल्सच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर चिठ्ठी लिहिली. कोपर इतके, टी इतक्या, क्लिपा इतक्या. आणि खाली: 'गरमची लाइन — पिवळा पाइप. पांढरा नाही.' 'नाही'खाली दोन रेघा.

दोन रेघा. मी स्वतः मुलांना शिकवलं होतं, महत्त्वाचं असेल तिथे रेघ मारा.

आणि मी दुकानात गेलो. पिवळा म्हणजे काही हळदीसारखा पिवळा नाही. जुन्या दाताच्या रंगाचा असतो. त्यात मी घाई करून टाइल्स आधी बसवून घेतल्या होत्या, त्यामुळे गच्चीवरून येणारी गरम पाण्याची लाइन भिंतीत लपणार नव्हती. टाइल्सवरूनच, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जाणार. टाइल्स निवडायला मी तीन दुकानं पालथी घातलेली. त्या शुभ्र भिंतीवर हा दातांच्या रंगाचा नळ? पांढऱ्या धोतरावर वरणाचा ओघळ दिसावा तसा मला तो दिसायला लागला. मी सगळाच पांढरा घेतला. दुकानदारानं विचारलंही, "थंडलेच लावता न, सर?" मी हो म्हणालो. पैसे वाचवले असं समजू नका. पैशांचा प्रश्नच नव्हता — असता तर निदान काही कारण तरी झालं असतं.

विलासनं बंडल पाहिलं आणि खाली ठेवून दिलं. "सर, हा गरम पान्याले चालत नाही. नरम पडते. वापस करून या."

वापस? मी? मी त्याला बसवून तास घेतला. उष्णता, प्रसरण, तापमान — फळा तेवढा नव्हता. मग प्रयोग. पाइपाचा तुकडा गरम पाण्याच्या मगात बुडवला, दोन मिनिटांनी काढला, टेबलावर ठोकला. टक् टक्. "बघ! झालं काही?"

त्यानं तो तुकडा उचलून नखानं दाबून पाहिला. "सर, मगातलं पानी अन् उन्हाळ्यातलं सोलर — एक नाही," म्हणाला. मी ऐकत नाही हे पाहून शेवटी उठला. "लावतो. पन हे तुमचं म्हननं हाय. माहं नाही."

आणि लावला. रेघ मारून, काठ साफ करून, प्रत्येक सांधा तसाच जपून. माझ्या चुकीचं कामही त्यानं सुबक केलं. त्याच महिन्यात अकोल्याचे भाऊजी — माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान — घर बघायला आले. ती पांढरी लाइन बघून म्हणाले, "काय सफाई हाय गड्याच्या हाताले!" अकोल्यात त्यांची गृहनिर्माण संस्था चोवीस घरं बांधणार होती, आणि भाऊजी तिचे अध्यक्ष. बांधकाम चालू झालं की सगळ्या नळांचं काम विलासला द्यायचं, असं त्यांनी माझ्या ओट्यावर बसून ठरवलं. तोवर तो एका ठेकेदाराच्या हाताखाली होता. स्वतःच्या नावावरचं हे त्याचं पहिलं मोठं काम. शब्द मीच टाकला होता. आहे की नाही गंमत?

दोन हिवाळे काही झालं नाही. विलास भेटला की मी विचारायचो, "काय रे, नरम पडला का?" तो मान खाली घालून हसायचा.

पडला होता. पहिल्याच उन्हाळ्यात दोन क्लिपांच्या मध्ये पाइपाला पोट सुटलं होतं. माझं आणि पाइपाचं पोट एकाच वर्षी सुटलं, असा विनोद मी तेव्हा मनातल्या मनात केलेला आठवतो. बायको विचारायला लागली तर म्हणालो, उन्हाचं होतं असं. मधे एक क्लिप ठोकून दिली. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ध्यानात ठेवा — मला माहीत नव्हतं असं नाही.

आता आमचा उन्हाळा तुम्हाला सांगायला हवा. मे महिन्यात आमच्याकडे गरम पाणी मागतो कोण? टाकीतलं साधं पाणीच हात भाजेल असं येतं; ते आम्ही सकाळी बादल्यांत काढून थंड व्हायला ठेवतो. सोलरचा नळ महिना-महिना उघडत नाही. आणि वर गच्चीवर ते पाणी तापत बसतं — रोज, वापर नाही, उपसा नाही. खदखदत.

तिसऱ्या मे महिन्यात पुतणीच्या लग्नाला ताई आणि भाऊजी आले. ताईचे गुडघे दुखत होते. शेकायला बादलीभर गरम पाणी घ्यावं म्हणून ती न्हाणीघरात गेली, आणि तिनं तो नळ उघडला.

मी ओट्यावर होतो. पाहुण्यांना काहीतरी सांगत होतो, लोक हसत होते. त्या हसण्यात पहिली हाक मला ऐकूच आली नाही.

पाइपाचा वरचा कोपर सांध्यातून निसटला होता. पाणी तिच्या डाव्या खांद्यावर, दंडावर, पाठीवर पडलं. बाकीचं सांगत नाही. दवाखान्यात ती महिनाभर होती. आजही तिचा डावा हात खांद्याच्या वर जात नाही. साठ वर्षं जिनं स्वतःचा अंबाडा स्वतः घातला, तिची वेणी आता सून घालते. मी अकोल्याला गेलो की ती हसून म्हणते, "माही शाळा सुरू झाली पुन्हा, पाह्य. सकाळी येनी घालाले पाटावर बसा लागते." आणि मी — मी पंख्याकडे बघतो.

हा मूर्खपणा झाला. आता त्याच्या आड झाकलेलं सांगतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात भाऊजींनी विचारलं, "कसं झालं हे?" सोपा प्रश्न होता. उत्तरही सोपं होतं. मी म्हणालो, "प्लंबरनं सोलरले थंडचा पाइप टाकला."

शब्द तपासून बघा. खोटा एकही नाही. पाइप थंडचा होता, टाकला प्लंबरनंच. असं वाक्य करायला विज्ञानाचा मास्तर लागतो.

तिथेच थांबलो असतो तरी — नाही, हे 'तरी' नको.

ताई अजून दवाखान्यात होती तेव्हाच भाऊजींनी विलासला आमच्या अंगणात बोलावलं. तसा तो त्या दिवशीच, कळल्याबरोबर धावत आला होता. गच्चीवरचा कॉक बंद करून, न्हाणीघर पुसून गेला होता. अंगणात तो उभा होता. आम्ही खुर्च्यांवर. भाऊजी बोलले, दोघे पुतणे बोलले. आंधळा होता का, बाई मेली असती म्हणजे, तुले कोन कारागीर म्हनते. तो ऐकत होता आणि माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. वर्गात एखादा मुलगा बरोबर उत्तर देतो, बाकीचे हसतात, आणि तो सरांकडे बघतो — की आता सर सांगतील — तसं.

मग तो म्हणाला, "मी चिठ्ठीत पिवळा लिवला होता. सराजवळ असन चिठ्ठी."

सगळे माझ्याकडे वळले.

चिठ्ठी कुठे होती? आतल्या खोलीत, कपाटात, 'घर — नळ' लिहिलेल्या फायलीत. मी कागद टाकत नाही. लाइटचं बिलसुद्धा वर्षानुवर्षं ठेवतो. अंगणातून तिथे जायला वीस पावलं. मला तो पुठ्ठा दिसत होता — त्यावरच्या दोन रेघा दिसत होत्या.

मी म्हणालो, "कसली चिठ्ठी? तोंडीच तर सांगितलं होतंस, सगळा पांढरा आणा म्हणून."

हा तो कबुलीजबाब. हे एक वाक्य. एवढ्यासाठी तुम्हाला इतकं फिरवून आणलं.

विलास पुढे काहीच बोलला नाही. का बोलला नाही? मी वर्षानुवर्षं या प्रश्नाभोवती फिरलो आणि स्वतःला सोयीचं उत्तर शोधलं — की त्यालाही कुठेतरी आपली चूक वाटली असेल. खरं उत्तर अंगणातच होतं. एकीकडे सर, खुर्चीवर, चार पाहुण्यांत. दुसरीकडे बडनेऱ्याच्या बौद्ध वस्तीतला प्लंबर, उभा. कोणाचं खरं मानायचं हे तिथे बसलेल्या प्रत्येकानं आधीच ठरवलेलं होतं. मलाही ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तर बोललो.

दुसऱ्या दिवशी सकाळी परसातला कडुनिंबाचा पाला जाळायचा होता. त्यात मी तो पुठ्ठा टाकला. पुठ्ठा जाड असतो, लवकर पेटत नाही. काडीनं सारखा करावा लागला.

अकोल्याचं काम गेलं. ठेकेदाराची नोकरी त्यानं त्या कामाच्या भरवशावर आधीच सोडली होती. आणि तरी एक काम गेल्यानं माणूस उठत नाही असं थोडंच? दुसरं मिळालं असतं. पण माझी गोष्ट त्याच्या पुढे-पुढे चालत होती.

हो, गोष्ट. ताई बरी होऊन घरी गेल्यावर लोक विचारायचे, आणि मी सांगायचो. आधी दबकत, मग जमत गेलं. लग्नाच्या पंगतीत, निवृत्त मास्तरांच्या बैठकीत. 'आमचे महान प्लंबर!' मी विलासची नक्कल करायचो — पेन्सिल कानावर ठेवून, रेघ मारताना एक डोळा मिटून. पाइप कसा शेवईसारखा लोंबत होता ते हातवारे करून दाखवायचो. ताईचं भाजणं एका वाक्यात उरकायचो आणि शेवईवर दोन मिनिटं घालवायचो. लोक हसून-हसून बेजार व्हायचे. नाव सांगू नये म्हणायचो — आणि सांगायचो. एका वर्षात अमरावती-बडनेऱ्यात त्याला नळ दुरुस्तीलाही कोणी बोलवेना. खोटं मी एकदाच बोललो, पण गोष्ट किती वेळा सांगितली ते मोजलेलं नाही.

ती लाइन पुढे मी बदलून घेतली. पिवळी. पांढऱ्या टाइल्सवर ती काही वाईट दिसत नाही. महिन्याभरात दिसेनाशीच झाली.

गेल्या हिवाळ्यात स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला म्हणून वलगावचा एक प्लंबर बोलावला. नवा माणूस, मला ओळखत नव्हता. काम करता-करता बोलू लागला. "काका, गरम-थंडचा पाइप बराबर पाहून घेत जा. बडनेऱ्याले एक प्लंबर होता, त्यानं सोलरले थंडचा ठोकला. बाई भाजली न! पाइप कसा — शेवईसारका लोंबे." आणि हातानं दाखवलं. माझाच हातवारा. मनगट तसंच सैल सोडून, शेवटी बोटं तशीच हलवून. मग त्यानं एक डोळा मिटून पेन्सिलीची रेघही मारून दाखवली, आणि हसला, आणि मी हसावं म्हणून थांबला.

मी हसलो. सवयीनं हसलो, खरं सांगतो. तो गेल्यावर ओट्यावर जाऊन बसलो, आणि संध्याकाळपर्यंत उठवलं नाही.

त्या रविवारी सकाळी बडनेऱ्याला गेलो. विलास आता पाण्याचे जार भरणाऱ्या एका कारखान्यात गाडीवर जार चढवायचं काम करतो. घरी होता. दाराशी मला पाहून उठून उभा राहिला — "या सर" — आणि खुर्चीवरचा टॉवेल उचलला. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली दोन मुलींची प्रशस्तिपत्रं. त्याची बायको मंगला आत चहा करत होती. केस पांढरे झालेत त्याचे. माझ्यापेक्षा किती लहान तो!

मी सांगितलं. सगळं. पाइप, चिठ्ठी, फाइल, पाला. शेवईसुद्धा. या खेपेला रंगवलं नाही. रंगवता आलं नाही. मंगला चहा घेऊन आली आणि कप हातात तसाच धरून दाराशी उभी राहिली. विलास खाली फरशीकडे बघत होता. मी थांबल्यावर म्हणाला, "जाऊ द्या सर. झालं ते."

ते ऐकून मला हलकं वाटलं. ही लाज वेगळी सांगतो. मी त्याच्यासाठी गेलो होतो असं समजत होतो, आणि त्याच्या दोन वाक्यांनी माझ्या छातीवरचं ओझं उतरलं, चहाचा वासही छान आला. मी हात पुढे केला.

मंगलानं कप दिला नाही. मागे खिडकीत ठेवला.

"सर, ह्या घरात हे नवीन कोनाले हाय? यायनं चिठ्ठी लिवून देल्ली होती, पाइप तुमी आनला होता — आमाले पयल्या दिवसापासून मालूम हाय," ती म्हणाली. "एवढे शिकेल-सवरेल तुमी, अन् जागा चुकले. खोटं अकोल्यावाल्याहीले सांगतलं, अन् खरं सांगाले बडनेऱ्याले आले!"